शेंगाचटणीच्या पाकिटावर हस्ताक्षरी फाँट कुठे शोभतो?

ताई, घरगुती शेंगाचटणी आणि कडक भाकरीच्या पाकिटावरचा सगळा मजकूर हाताने लिहिल्यासारख्या फाँटमध्ये घ्यावा का, असं तुम्ही विचारलंत. सगळा नको. नाव आणि त्याखालची एखादी ओळ, बस. घटक, वजन, तारीख, एफएसएसएआयचा (अन्न परवान्याचा) नंबर हे ‘मुक्ता’सारख्या साध्या फाँटमध्ये घ्या. शेंगाचटणीला तेल सुटतं, पाकीट हाताळून बारीक अक्षर तसंही पुसट होतं. ते वळणदार असेल तर गिऱ्हाइकाला तारीख वाचताच येणार नाही.

नावासाठी मी डोळे झाकून इंडियन टाइप फाउंड्री या फाँट बनवणाऱ्या कंपनीचा ‘कलम’ सुचवेन. स्केचपेनने भरभर लिहावं तसं अक्षर, आणि गूगल फाँट्सवर फुकट; विकायच्या मालावरही चालतो. लाइट, रेग्युलर, बोल्ड या त्याच्या तीन जाडींपैकी बोल्डच घ्या, कारण लाइटच्या बारीक रेघा प्लास्टिकवर तुटक उमटतात. कापडी पिशवीवर स्क्रीन प्रिंटिंग करणार असाल तर तिथे शाई पसरते आणि ‘ष्ट’, ‘द्ध’ अशा जोडाक्षरांतली पोकळी भरून जाते. तिथे अक्षर मोठं ठेवा.

आता ‘चटकदार शेंगाचटणी’ टाइप करून बघा. दोन्ही शब्दांतला ‘चट’ हुबेहूब सारखा दिसेल. माणूस लिहितो तेव्हा असं कधी होत नाही, आणि नेमकं इथेच ते हस्ताक्षर खोटं वाटायला लागतं. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये नाव कर्व्हजमध्ये (म्हणजे टाइप केलेल्या मजकुराऐवजी नुसत्या आकारांमध्ये) बदलून दुसऱ्या ‘च’चा दांडा किंचित लांबवा, ‘ट’ जरासा कलता करा. मूळ फाइलची कॉपी आधी ठेवा, कारण नंतर मजकूर बदलता येत नाही.

त्याच वेळी अक्षरं वेल्डही करून घ्या, म्हणजे जोडून त्यांचा एकच आकार करा. देवनागरीत शेजारची अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर चढलेली असतात. वेल्ड न करता आउटलाइन दिली की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ दिसते. आपल्याकडच्या फ्लेक्सवर ही चूक सर्रास दिसते आणि मला ती फार खटकते. अक्षरांमधलं अंतरही वाढवू नका, शिरोरेषा तुटते.

फाँट पक्का करण्याआधी त्यात ‘सोलापूर’, ‘दुसऱ्या’, ‘डाळ’ लिहून बघा. ‘ल’ हिंदी वळणाचा आला किंवा ‘ऱ्या’ फुटला, तर तो फाँट कितीही गोड असला तरी सोडून द्या.

आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेत स्टॉल लावणार म्हणताय, त्या बोर्डावर मात्र ‘कलम’ नको. लांबून वाचायला ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा ‘बलू’ घ्या. तो हस्ताक्षरी नाही, पण गुबगुबीत आणि खेळकर आहे. शिवाय त्याच घराण्यात तेलुगूसाठी ‘बलू तम्मुडू’ आणि कन्नडसाठी ‘बलू तम्मा’ आहेत. आपल्या गावात तिन्ही भाषांचं गिऱ्हाईक येतं, तेव्हा एकाच बोर्डावर तिन्ही लिप्या एका वळणाच्या दिसतील. तेलुगू-कन्नड मजकूर छापण्याआधी तेवढा जाणकाराकडून वाचून घ्या.