डॉनर समिटच्या बर्फासाठी टायर कोणते घ्यावेत?

प्रश्न : काका, आम्ही फ्रीमाँटला राहतो. २०१९ची होंडा सीआर-व्ही आहे, फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर). रोज हायवे ८८० वरून सॅन होजेला जाऊन-येऊन तीस-पस्तीस मैल होतात. हिवाळ्यात तीन-चार वेळा डोंगरातल्या टाहो सरोवराला जातो. यंदा नाताळात सासू-सासरे नाशिकहून येताहेत, त्यांना बर्फ दाखवायचा आहे. ऑल-सीझन टायरची नक्षी ४/३२ इंच उरली आहे. दुकानदार म्हणाला, आणखी एक हिवाळा निघेल. मित्र म्हणतात, विंटर टायरचा वेगळा सेट घ्या. काय करू?
– एक वाचक, फ्रीमाँट

उत्तर : ताई, या बाबतीत दुकानदाराचंही ऐकू नका आणि मित्रांचंही.

आधी दुकानदाराचं बोलणं घेऊ. कॅलिफोर्नियात साध्या रस्त्यावर १/३२ इंच नक्षी असली तरी टायर कायद्यात बसतो. पण बर्फाचा टायर म्हणून तोच टायर धरायचा, तर किमान ६/३२ इंच लागते. म्हणजे तुमचे टायर फ्रीमाँटला चालतील, पण साडेतीन तासांनी चेन कंट्रोलवर (चाकांना साखळ्या किंवा बर्फाचे टायर आहेत का, ते तपासतात तिथे) ते बर्फाचे टायर म्हणून गणले जाणार नाहीत. सासऱ्यांना सांगा, कळसूबाईचं शिखर ५,४०० फुटांवर आहे आणि टाहोकडे जाणारा आय-८० हा हायवे डॉनर समिट या खिंडीत ७,२३९ फुटांवरून जातो. तुमच्या अंगणात पाऊस पडत असतो तेव्हा तिथे फूट-फूट बर्फ साचत असतो.

नियम बाजूला ठेवला तरी ४/३२ वर मी तुम्हाला जाऊ देणार नाही, कारण मी स्वतः गेलो होतो. मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. फोर व्हील ड्राइव्ह गाडी आहे, मग काय होतंय, या भरवशावर समिटवरून किंगव्हेलकडे उतरत होतो. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले, मी ब्रेक दाबला. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं अडकू न देणारी यंत्रणा) पायाखाली थरथरत राहिलं आणि गाडी जशीच्या तशी ट्रककडे सरकत राहिली. शेवटी कडेच्या बर्फाच्या ढिगात घातली म्हणून वाचलो. घरी येऊन नक्षी मोजली, चारही टायर ४/३२. फोर व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे ढकलतं, पण थांबवायला उपयोगी पडत नाही. थांबायचं ते टायरच्या रबरावर आणि खाचांवर.

आता वेगळा सेट. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहावं असं बनवलेलं असतं. मिनेसोटात राहत असतात तर मी तोच घ्या म्हटलं असतं. पण तुमची गाडी वर्षातले साडेतीनशे दिवस बे एरियात धावणार. तिथे जानेवारीतल्या दुपारीही चौदा-पंधरा अंश सेल्सिअस असतं. त्या उबेत हे मऊ रबर भराभर झिजतं, आणि कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागायलाही जास्त अंतर लागतं.

तुम्हाला हवेत ऑल-वेदर टायर. नाव ऑल-सीझनसारखंच आहे म्हणून माणसं फसतात. ओळखायची खूण साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर असते : तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. नुसतं ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. ती अक्षरं नक्षीच्या ठेवणीवरून मिळतात, त्यासाठी टायर बर्फावर चालवून बघावा लागत नाही. डोंगराचं चिन्ह मात्र दाबलेल्या बर्फावर चाचणी दिल्यावरच मिळतं. तरी एक लक्षात ठेवा, त्या चाचणीत टायर पुढे किती जोर लावतो एवढंच मोजतात. ब्रेक आणि वळण मोजत नाहीत, गुळगुळीत गोठलेला रस्ता तर नाहीच. म्हणून चिन्ह असलं तरी पुढच्या गाडीपासून भरपूर अंतर ठेवायचंच.

मिशेलिन क्रॉसक्लायमेट २, ब्रिजस्टोन वेदरपीक, टोयो सेल्सियस या तिन्हींवर हे चिन्ह असतं. माझ्या गाडीला पहिले आहेत. हायवेवर थोडा आवाज जास्त येतो, पण मला तो मान्य आहे. साइझ ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघा. बसवण्याआधी टायरवरच्या डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे स्वतः वाचा, त्यावरून टायर कधी बनला ते कळतं. ३५२५ म्हणजे २०२५चा पस्तिसावा आठवडा. आणि चारही टायर एकदम घ्या. दोनच घेऊन पुढे लावले तर पुढची चाकं पकड धरतात, मागची घसरतात आणि वळणावर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. सीआर-व्हीच्या मालकांची ही चूक मी वारंवार पाहतो.

साखळ्या मात्र टळत नाहीत. चेन कंट्रोलचे आर-१, आर-२, आर-३ असे चढत्या कडकपणाचे तीन टप्पे असतात. आर-१ लागलं असेल तर चांगल्या बर्फाच्या टायरवर तुम्हाला सोडतील, पण साखळ्या गाडीत असायलाच हव्यात. आर-२ लागलं की फ्रंट व्हील ड्राइव्हला त्या लावाव्याच लागतात, टायर कितीही उत्तम असोत. आर-३ ला सगळ्यांनाच, पण बहुधा तोवर रस्ताच बंद करतात. मार्च २०२४ च्या सुरुवातीच्या वादळात आय-८० दोन दिवसांहून जास्त बंद होता. म्हणून पाणी, दोन घोंगड्या आणि सासू-सासऱ्यांची औषधं डिकीत नको, हाताशी ठेवा.

तुमच्या गाडीला जाड साखळी बसते की पातळ केबलची, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. ती पुढच्याच चाकांना लावायची, थोडं पुढे जाऊन परत ताणायची आणि ताशी तीस मैलांच्या वर जायचं नाही. नाताळाआधीच्या एखाद्या रविवारी घरच्या ड्राइव्हवेत ताडपत्री अंथरून, हातमोजे घालून ती दोनदा लावा आणि काढा. मला पहिल्यांदा चाळीस मिनिटं लागली होती, दुसऱ्यांदा बारा.