अटॅकनंतर परत सायकल चालवता येईल का?

तुम्ही लिहिलंय की स्टेंट (हार्टची नस उघडी ठेवणारी जाळी) टाकून दीड महिना झाला, डॉक्टर म्हणतात चाला फिरा, पण जिना चढायचा म्हटलं तरी हातपाय गार पडतात, मग पूर्वीसारखी सायकल कधी जमणार का. बहुतेक जमेल. पण हार्टचं पंपिंग किती आहे त्यावर बरंच अवलंबून असतं, त्यामुळे माझं वाचून स्वतःचं ठरवू नका.

मला ४९व्या वर्षी आला. छातीत दुखलंच नाही हो, जबडा आणि डावा खांदा, मी अ‍ॅसिडिटी समजून दोन तास घालवले आणि त्या दोन तासांत जो स्नायू मेला तो मेलाच. इकोत (हार्टच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला हार्ट आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं ते, ४० आलं, नॉर्मल ५५च्या आसपास किंवा वर असतं. तीन महिन्यांनी ५० झालं, कारण सगळा स्नायू मेलेला नसतो, काही नुसता सुन्न पडलेला असतो, तो हळूहळू कामाला लागतो.

शरीराचं ठीक चाललं होतं, खरा घोळ डोक्यात. बाथरूमची कडी लावायची नाही असा बायकोचा हुकूम, आत जरा वेळ लागला की बाहेरून "अहो, बरं वाटतंय ना?" रात्री गळ्यावर बोट ठेवून नाडी मोजत पडायचो, बारीक कळ आली तरी घाम. शेवटी कार्डियाक रिहॅबला, म्हणजे हार्टवाल्यांच्या देखरेखीतल्या व्यायामाला गेलो (आधीच जायला हवं होतं, उगाच टाळलं), तिथे इसीजीच्या वायरी लावून ट्रेडमिलवर चालवतात, समोर स्क्रीनवर स्वतःचं हार्ट नीट चालताना दिसतं तेव्हा कुठे धीर आला. तिथल्या फिजिओने सांगितलं की बोटाने दाबून दुखतंय, कूस बदलली की कमीजास्त होतंय तर बहुतेक साधं स्नायूचं, पण दाब आल्यासारखं, चालताना वाढणारं आणि थांबलं की उतरणारं असेल तर डॉक्टरांना कळवायचं. थांबूनही गेलं नाही तर सरळ अ‍ॅम्ब्युलन्स, माझ्यासारखे दोन तास काढू नका.

घड्याळातल्या पल्सच्या नादी लागू नका, बीटा ब्लॉकर (ठोके कमी ठेवणारी गोळी) चालू असेल तर ती फारशी वाढतच नाही. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा जोर पुरे. आणि एकदम थांबायचं नाही, पाच-दहा मिनिटं हळू करत थांबायचं, नाहीतर चक्कर येते.

रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या साधारण वर्षभर असतात, दात काढायचा असला तरी हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद नाही, स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. सिगरेटबद्दल बोलायलाच नको.

मी सायकल सातव्या महिन्यात काढली. चाकात हवा भरतानाच धाप लागली, घाबरून पायरीवर बसलो, बायको फोन हातात घेऊन उभी. मग मुलाने येऊन बघितलं तर पंपच गळका होता.