भाऊ, ही कॅमेऱ्यावाली बेल लावायची कशी?

मागच्या वेळी इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लिहिलं आणि शेवटी सहज म्हणून गेलो की दारावरच्या व्हिडिओ बेलबद्दल काही असेल तर विचारा, तर इतके प्रश्न आले की घरचे म्हणाले आता दुकानच टाका याचं. तालुक्याच्या गावाबाहेर जिकडे पाहावं तिकडे लेआउट पडलेत, नवीन घरं, पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला, घरी दोन म्हातारी माणसं, म्हणून दारात कोण आलं ते मोबाईलवर दाखवणारी ही बेल मागतात लोक, ते कळतं मला. पंचवीस वर्षं वायरिंग केलंय, तेवढ्यावरून सांगतो.

प्रश्न : माझा साळा अमेरिकेतून येताना व्हिडिओ डोअरबेल घेऊन आला. दारव्ह्याच्या लेआउटमधल्या आमच्या घराला जुनी डिंगडाँग होती. गावातल्या पोराले बोलावलं, त्यानं जुनं बटन काढून त्याच दोन वायरी नव्या बेलले जोडल्या. एमसीबी वर केली आन् फट्कन आवाज झाला, धूर निघाला, खेळ खतम. आता साळा म्हणते पोराची चूक, पोरगा म्हणते माल डुप्लिकेट. खरं कोनाचं?

माल डुप्लिकेट नव्हता काका. अमेरिकेत घराघरात बेलसाठी वेगळा छोटा ट्रान्सफॉर्मर बसवलेला असतो, तो तिकडच्या १२० व्होल्टचे १६ ते २४ व्होल्ट करून बेलच्या वायरीत सोडतो, त्यामुळे तिकडची डोअरबेल तेवढंच खाऊन जगणारी. आपल्याकडे बेलच्या बटनात सरळ २३० व्होल्ट. बकरीच्या पिल्लाला बैलाचं गाठोडं दिलं तर काय होणार, तेच झालं. पोरानं जोडायच्या आधी बेलच्या मागचं लेबल वाचायला पाहिजे होतं, तेवढी चूक त्याची, पण साळेबुवांनीही इकडे चालते की नाही हे न विचारताच आणली.

आता पुढची गोष्ट नीट ऐका, कारण इथंच बहुतेक जण फसतात. दारावरच्या बटनाची डबी उघडा (मेन बंद करूनच, हे सांगायला लागू नये), आत दोन वायरी दिसतील. एक फेज, म्हणजे करंट आणणारी, दुसरी तिथून बेलकडे जाणारी. न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) थेट बेलला गेलेला असतो, तो दाराजवळ येतच नाही! म्हणजे दोन वायरी दिसल्या म्हणून तिथं सप्लाय आहे असं नाही, नुसता अर्धा रस्ता आहे. इंडियन मॉडेल आणलं, २३० व्होल्टवर चालणारं, तरी त्याला न्यूट्रल लागणारच, आणि तो आतल्या बोर्डातून ओढून आणावा लागतो. काही पोरं आळसानं अर्थिंगच्या वायरीलाच न्यूट्रल करून मोकळी होतात, बेल चालते, आपण खूश, आणि मग एखाद्या दिवशी अर्थिंग ढिली पडली की फ्रिजच्या दांड्याला झटका लागतो. असं करताना कोणी दिसला तर चहा पाजा आणि घरी पाठवा.

मी स्वतः काय करतो, तर अडॅप्टर आतल्या बोर्डावर लावतो आणि बाहेर फक्त कमी व्होल्टची वायर नेतो, २३० च्या पाईपातून नाही, वेगळी केसिंग पट्टी मारून. वायर लांब असेल तर तिकडे पण लक्ष द्या. ५ व्होल्टची बेल आहे, लॅनच्या (नेटच्या) केबलमधली तारांची एकच जोडी वापरली, अंतर १५ मीटर, आणि १ अँपिअर खेचला तर अडीच व्होल्ट वाटेतच जिरतात, बेलच्या तोंडी अर्धंच पोचतं. मग ती रात्री अंधारात पाहायचा इन्फ्रारेड लाइट लावायला गेली की बंद पडते, परत चालू, परत बंद, आणि दोष कंपनीला. अशा वेळी केबलच्या तीन-चार जोड्या एकत्र पिळून वापरा नाहीतर १२ किंवा २४ व्होल्टवाली बेलच घ्या. आपल्या वीजदाबाची काळजी मात्र फार नको, अडॅप्टरवर १००-२४० लिहिलेलं असलं की १८० ला सुद्धा तो चालतो.

प्रश्न : मी पुण्यात, आई एकटीच आर्वीला. आईकडे बटनाचा फोन आहे, स्मार्टफोन घ्यायला तयार नाही. डोअरबेल लावली तर दारात कोण आहे ते मला इथं दिसेल, पण आईला कसं दिसेल?

ताई, हा प्रश्न विचारल्याबद्दल तुमचं कौतुक, कारण बाकी सगळे दिसणार मला म्हणून खूश असतात आणि दारापर्यंत चालत जाणाऱ्या माणसाचा विचारच कोणी करत नाही. तुमच्या आईसाठी व्हिडिओ डोअरबेल नको, व्हिडिओ डोअर फोन पाहिजे. दुकानात ही दोन नावं गोळा करून टाकतात, पण वस्तू वेगळ्या आहेत. डोअर फोनमध्ये बाहेर कॅमेऱ्याचं बटन आणि आत भिंतीवर सात इंचाचा वगैरे पडदा (स्क्रीन), मधे चार तारांची वायर. नेट नाही, ॲप नाही, पासवर्ड नाही. बेल वाजली की पडदा आपोआप चालू होतो, आईनं बाजेवरून उठून पाहायचं, बटन दाबून "कोन हाय?" म्हणायचं, बस. वायफायला जोडता येणारा पडदा मिळाला तर तुम्हाला पुण्यात पण दिसेल, पण तो नंतरचा भाग.

पडदा कुठं लावायचा ते तुम्ही फोनवरून ठरवू नका. आई दिवसभर जिथं बसते तिथून दिसला पाहिजे, बहुतेक स्वयंपाकघरातून. बैठकीत शोभेला लावला की संपलं. आणि त्याचा प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्या, नाहीतर लाईट गेली की पडदा काळा आणि आई पुन्हा खिडकीतून डोकावणार.

प्रश्न : वरोऱ्याला घर, दार पश्चिमेला. बॅटरीवाली बेल लावली. हिवाळ्यात मस्त चालली, मे महिन्यात दुपारी माणूस दारात उभा राहिला तरी नोटिफिकेशन नाही, आणि संध्याकाळी बकरी गेली तरी दहा वेळा. बॅटरी पण लवकर उतरते. बदलू का?

थांबा, बदलू नका. बॅटरीवाल्या बेलमध्ये बहुतेक पीआयआर नावाचा सेन्सर असतो. तो माणूस ओळखत नाही, आजूबाजूपेक्षा वेगळी गरमी हललेली दिसली की जागा होतो. आपलं अंग ३७ अंशांच्या आसपास, चामडी त्याहून थोडी थंड. डिसेंबरात तुमचं अंगण थंड, त्यात माणूस दिव्यासारखा दिसतो. मे महिन्यात तुमच्याकडे ४५ च्या वर जातं, भिंत, फरशी, गेट सगळं तापलेलं, मग माणूस त्यात विरघळून जातो, सेन्सर म्हणतो काही हललंच नाही. संध्याकाळी अंगण निवलं की बकरी, कुत्रं, शेजारच्याची गाय सगळ्यांची हजेरी लागते. सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी उन्हाळ्यासाठी वाढवा आणि पावसाळ्यात कमी करा, आणि ॲपमध्ये फक्त माणसाची सूचना असा पर्याय असेल तर तो लावा. बटन दाबल्यावर वाजणार ते वेगळं, त्याचा सेन्सरशी संबंध नाही.

बॅटरीचं म्हणाल तर लिथियमच्या बॅटरीला ४५ अंशांच्या पुढं चार्ज करणं मानवत नाही, आणि पश्चिमेच्या दारावर काळ्या रंगाची डबी म्हणजे हवेपेक्षा पण जास्त तापणार. काढून आत आणा, पंख्याखाली निवू द्या, मग चार्जिंगला लावा. उन्हातून आणली आणि तशीच खुपसली असं करू नका. जमलं तर वर छोटं टिनाचं छज्जं करा. ऊन सरळ लेन्सवर आलं की माणसाचा चेहरा पण काळाच दिसतो, तो प्रश्न पण त्या छज्ज्यानं थोडा कमी होईल.

जाता जाता, बेल किती उंचीवर लावली हे तुम्ही लिहिलं नाही. चार फुटांच्या आसपास लावतात. मी पहिल्यांदा कारंज्याला बहिणीकडे लावली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर येईल अशी लावली, साडेपाच फुटांवर, मोठ्या रुबाबात. फोनवर दिसायचं काय, तर लोकांच्या टोप्या आणि कपाळं. आणि उन्हाळ्यात तर आपल्याकडे सगळे दुपट्टा गुंडाळूनच हिंडतात, नुसते दोन डोळे दिसायचे, बहीण म्हणाली दादा यापेक्षा तर दाराचं भोक बरं होतं. दुसऱ्या दिवशी खाली उतरवली, भोकं बुजवली, आणि भाच्याकडून अजून टोमणे खातो.

प्रश्न : हे खूळ आलं कुठून? (निवृत्त गुरुजी, काटोल)

गुरुजी, जेमी सिमिनॉफ नावाचा अमेरिकन माणूस गॅरेजमध्ये काम करायचा आणि दाराची बेल त्याला ऐकू यायची नाही, म्हणून फोनवर वाजणारी बेल त्यानं बनवली, नाव डोअरबॉट. २०१३ मध्ये धंद्यासाठी पैसे मागायला टीव्हीवरच्या शार्क टँक कार्यक्रमात गेला, तिथं सौदा जमला नाही. मग डोअरबॉटचं नाव बदलून रिंग झालं आणि २०१८ मध्ये ती कंपनी ॲमेझॉननं विकत घेतली.

प्रश्न : आमच्या बेलचा कॅमेरा समोरच्या घराच्या अंगणात पाहते म्हणून शेजारीन रोज भांडते. अंगणात तिचं न्हाणीघर आहे. कायदा काय म्हणतो? (दर्यापूर)

दादा, शेजारीण बरोबर आहे, आधी तिची माफी मागा, कायदा मग. सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा माणसानं स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागू होत नाही, म्हणून काही जण म्हणतात कॅमेरा माझा, दार माझं, काय करायचं ते करा. पण बाईच्या खाजगी वेळेचं चित्रण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, तिथं दार कोणाचं हे कोणी विचारणार नाही. ॲपमध्ये प्रायव्हसी झोन म्हणून असतं, पडद्यावरचा तेवढा भाग काळा करता येतो, तो करा. त्याहून बरं म्हणजे खालून पाचरीसारखी तिरपी पट्टी मिळते ती लावून कॅमेराच गेटकडे वळवा, आणि मग त्या काकूंना घरी बोलावून तुमच्या फोनवर स्वतः दाखवा काय दिसतं ते. तुम्ही नुसतं तोंडानं म्हणाल तर त्यांना पटणार नाही, मला पण पटलं नसतं.

प्रश्न : बसवून देणाऱ्यानं ॲप स्वतःच्याच फोनवर चालू करून दिलं, आम्हाला फक्त शेअर केलं. काही हरकत? (पुसद)

हो, मोठी हरकत! मालकी ज्याच्या ईमेलवर, कॅमेरा त्याचा. तो उद्या गाव सोडून गेला, फोन बदलला, किंवा त्याच्या मनात काही आलं तर तुमच्या दारात कोण येतं-जातं, घर कधी बंद असतं, सगळं त्याच्या हातात. त्याला बोलवा, बेल त्याच्या खात्यातून काढायला लावा, रीसेट करून तुमच्या घरातल्या कोणाच्या तरी ईमेलवर नव्यानं चढवा, पासवर्ड तुम्ही टाका आणि तो टाकताना त्याला पाणी आणायला पाठवा. वायफायचा पासवर्ड पण त्याच दिवशी बदला.

बोलावलाच आहे तर अजून एक काम करून घ्या. बेल जिथं लावली त्या भिंतीला फोन टेकवून, दार बंद करून, वायफाय किती येतं ते पाहायला सांगा. बऱ्याच बेल वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ५ गिगाहर्ट्झवर दिसतच नाहीत, आणि ढेलजेची (दारातल्या पडवीची) जुनी दोन फुटी भिंत असेल तर २.४ पण रडतं. राउटर दाराजवळच्या खोलीत आणा आणि त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. नाहीतर तान्ह्या पोळ्याला गल्लीतली सगळी पोरं लाकडी बैल घेऊन बोजारा (पोळ्याची खुशी) मागायला येतील, बेल दाबून दाबून थकतील, आणि लाईट गेली म्हणून तुमचा फोन गप्पच.