आईला यादीत नाव नको आहे

प्रश्न : माझे वडील आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय अटक करता येणाऱ्या कायद्याखाली, येरवड्याच्या तुरुंगात होते. मी तेव्हा तीन वर्षांची. गेल्या वर्षी ते गेले. मिसाबंदी म्हणून त्यांना सरकारकडून मिळणारं मानधन आता आईच्या नावावर करायचंय, पण ती अर्जावर सही करत नाही. "पुन्हा सरकारच्या यादीत नाव नको," म्हणते. ती दोन गल्ल्या सोडून एकटी राहते. रात्री आठनंतर दार वाजलं की अजूनही आधी दिवा मालवते. माझ्या मुलाला कॉलेजच्या प्रकल्पासाठी तिचं बोलणं रेकॉर्ड करायचंय, तर ती उठून आत जाते. वडिलांची तुरुंगातली पत्रं तिने कधीच बंबात घातली. वडील एवढे निर्भय, मग आई इतकी भित्री कशी?
— एक वाचक, कराड

उत्तर : ताई, 'भित्री' या शब्दावर मी बराच वेळ अडले. माझे वडीलही मिसाबंदी होते, म्हणून.

आम्ही साताऱ्यात मंगळवार पेठेत भाड्याने राहायचो. मी पाचवीत होते. पहाटे तीनला पोलीस आले. आईने चादर, टॉवेल आणि दाढीचं सामान पिशवीत भरून दिलं आणि विचारलं, "किती दिवस?" हवालदाराने मान खाली घातली. त्यालाही माहीत नव्हतं.

चोरीत आत गेलेल्याच्या बायकोला दिवस तरी मोजता येतात. मिसात खटलाच नव्हता. जून १९७५च्या वटहुकमाने अटकेचं कारण सांगायचं बंधनसुद्धा काढून टाकलं होतं. पुढे काही उच्च न्यायालयांनी बंद्यांच्या बाजूने निकाल दिले, तेव्हा आमच्या घरी जरा जीव आला. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आणीबाणी असेपर्यंत अशा अटकेविरुद्ध दाद मागता येणार नाही. पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या एच. आर. खन्नांचं मत वेगळं होतं. पेपर मोठ्याने वाचणारा माझा मामा त्या दिवशी मध्येच थांबला आणि घडी घालून उठला. रात्री दार वाजलं तर जायचं कुणाकडे, याला उत्तरच उरलं नव्हतं. तुमची आई दिवा मालवायला तेव्हा शिकली असणार, आणि तेव्हा ते शहाणपणाचंच होतं. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीनंतर आणीबाणीतही जगण्याचा हक्क स्थगित करता येत नाही. पण हे सांगायला तिच्या दारात कोण आलं होतं?

आमच्या शेजारच्या काकूंनी विरजण देणं बंद केलं. भांडण नव्हतं, त्यांच्या यजमानांची सरकारी नोकरी होती. आईने दुधात लिंबू पिळून विरजण लावून पाहिलं, दही धड लागलं नाही. तिने काकूंना कधी नावं ठेवली नाहीत, पण ते दही मात्र तिच्या लक्षात राहिलं.

एक गोष्ट मला २००४ साली, वडील गेल्यानंतर, आईबरोबर गहू निवडताना कळली. चार महिन्यांचं भाडं थकलं होतं, धाकटा भाऊ तापाने फणफणत होता, आणि आईने वडिलांना पत्रात विनवलं होतं की सरकारविरोधात काही करणार नाही अशा हमीपत्रावर सही करा पण घरी या. वडिलांनी सही केली नाही. मार्च १९७७मध्ये ते सुटून आले, तेव्हा एसटी स्टँडवर लोकांनी हार घातले. आई मागे उभी होती. त्या पत्राला आलेलं उत्तर तिने जाळलं होतं. सत्तावीस वर्षं ती त्या एका पत्राची लाज वाहत राहिली, आणि आम्ही मुलं तिला अबोल म्हणत राहिलो.

तुमच्या घरी असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण मुलाला सांगा, फोन बाजूला ठेव. तुरुंगाचं काही विचारू नका, ती गोष्ट तिला वडिलांची वाटते. घराचं विचारा. भाडं कुणी भरलं, दूध कुठून यायचं, तुम्हाला कुणाकडे ठेवून ती भेटीला जायची. कराडचंच एक निमित्त आहे. डिसेंबर १९७५मध्ये तिथे साहित्य संमेलन झालं. स्वागताध्यक्ष होते केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण, आणि त्याच व्यासपीठावरून अध्यक्षा दुर्गा भागवतांनी आणीबाणीविरोधी नेते, आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. "आई, तेव्हा तू मंडपात गेली होतीस का?" एवढंच विचारा. गेली असेल तर सांगेल. दार लावून घरात बसली असेल, तर कदाचित तेही सांगेल. तिने सांगितलं नाही तर त्या दिवशी तिथेच थांबा.

अर्जाचं म्हणाल, तर घाई करू नका. मानधन २०१८ला सुरू झालं, २०२०ला बंद झालं, २०२२ला पुन्हा चालू झालं. सरकार बदललं की यादीचं काय होतं, ते तिने घरात बसून पाहिलंय. एकदा मात्र तिला सांगा की हे पैसे बाबांच्या सत्काराचे नाहीत, तू एकटीने चालवलेल्या घराचे आहेत. माझ्या आईला हे मी कधी म्हटलं नाही. मानधन सुरू व्हायच्या आधीच ती गेली. इतकं सांगूनही नको म्हणाली तर अर्ज कपाटात राहू दे.

आणि रात्री तिच्याकडे जाल तेव्हा दार वाजवायच्या आधी बाहेरूनच हाक मारत जा.