एलईडी बल्बमधला पिवळा ठिपका कशाचा असतो? उजेड तर पांढरा येतो!

तुमचा प्रश्न असा आहे: लवकरच बंद पडलेल्या एलईडी बल्बचं पांढरं टोपण काढलं, तर आत पट्टीवर पिवळे ठिपके दिसले. उजेड पांढरा येत होता, मग हे पिवळं काय? आणि लाल, हिरव्या एलईडीचा रंग तिच्या रंगीत प्लास्टिकमुळे येतो का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, म्हणून ते आधी देते. नाही. इथे नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात 'वॉटर क्लिअर' लाल एलईडी मिळते. तिची टोपी पाण्यासारखी स्वच्छ असते, आणि करंट दिला की लालबुंद पेटते. रंगीत प्लास्टिक बहुतेक वेळा ओळखीपुरतं असतं. रंग ठरतो तो आतल्या मोहरीपेक्षाही लहान स्फटिकात.

पिवळा ठिपका म्हणजे एका पिवळ्या पावडरीचा थर. त्याबद्दल मात्र सविस्तर लिहिते, कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. मी आता ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते, पण एम.एस्सी.चा माझा प्रोजेक्ट याच पिवळ्या पावडरच्या भाऊबंदांवर होता. एका रंगाचा उजेड गिळून दुसऱ्या रंगाचा देणाऱ्या अशा पावडरीला फॉस्फर म्हणतात. नागपूर विद्यापीठात फॉस्फरवर कितीतरी वर्षांपासून संशोधन चालत आलंय, आणि इथल्या विद्यार्थ्यांनाही ते फारसं माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

आधी पदार्थ उजेड देतो म्हणजे काय करतो ते बघू. एक रीत तापण्याची. जुन्या पिवळ्या बल्बमधली टंगस्टनची तार साधारण अडीच हजार अंशांना तापते आणि उजळते. विजेतला शंभरात पाचेक वाटा दिसणारा उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. दुसरी रीत समजायला स्वयंपाकघरात जा. गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ भुरभुरा. ज्योत लगेच पिवळीधमक होते. शेगडी तीच, आच तीच, तरी रंग बदलला. हा रंग मिठातल्या सोडियमने दिला. सोडियमच्या अणूत इलेक्ट्रॉनला उभं राहायला ठरावीक पायऱ्या आहेत. ज्योतीच्या ऊर्जेने तो वरच्या पायरीवर जातो, तिथून खाली उतरताना नेमकी तेवढीच ऊर्जा प्रकाशाच्या एका कणाच्या, म्हणजे फोटॉनच्या रूपात टाकतो, आणि तो फोटॉन ५८९ नॅनोमीटर तरंगलांबीचा, पिवळा असतो. रस्त्यांवरच्या जुन्या केशरी दिव्यांचा रंगही याच सोडियमचा.

घन पदार्थात अब्जावधी अणू एकमेकांना चिकटून असतात. तिथे या पायऱ्या एकमेकींत मिसळून जणू दोन मजले तयार होतात. खालचा मजला इलेक्ट्रॉनांनी भरलेला, वरचा जवळपास रिकामा, आणि मधल्या अंतरात कुठेही थांबायला जागा नाही. या अंतराला बँड गॅप म्हणतात. एलईडीत स्फटिकाच्या एका बाजूला जास्तीचे इलेक्ट्रॉन असतात, दुसऱ्या बाजूला इलेक्ट्रॉनांच्या रिकाम्या जागा. करंट दिला की दोघे मधल्या सीमेवर भेटतात, इलेक्ट्रॉन वरच्या मजल्यावरून खालच्या रिकाम्या जागेत पडतो आणि फोटॉन सुटतो. जेवढं अंतर मोठं, तेवढा रंग निळ्याकडे.

हिशोब अगदी सोपा आहे. १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा, की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्ट या ऊर्जेच्या एककात मिळते. ६३० चा लाल म्हणजे जवळपास २, आणि ४५० चा निळा म्हणजे पावणेतीन. म्हणूनच लाल एलईडी दोनेक व्होल्टवर पेटते आणि निळीला तीनच्या आसपास लागतात. वर्गात मी दोन पेन्सिल सेल देते. लाल पेटते. निळी पेटली तर मंद, नाहीतर नाहीच. मग मुलं तिसरा सेल मागतात. सोबत शंभरेक ओहमचा रेझिस्टर मात्र प्रत्येक वेळी लावायचा, नाहीतर एलईडी जळू शकते.

मग संगणकाच्या चिपा ज्या सिलिकॉनच्या असतात, ते स्वस्त सिलिकॉन एलईडीत का नाही? कारण सिलिकॉनमध्ये वरच्या मजल्यावरून सरळ खाली पडता येत नाही. इलेक्ट्रॉनला पडताना आपला संवेगही बदलावा लागतो, आणि त्यासाठी स्फटिकाच्या कंपनांची नेमक्या क्षणी मदत लागते. तसा योग क्वचितच येतो, बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन जाते. गॅलियम आर्सेनाइड, गॅलियम नायट्राइड यांच्यात ही अडचण नाही. म्हणून एलईडीचं सगळं घराणं गॅलियमभोवती उभं राहिलं.

लाल एलईडी १९६२ मध्ये अमेरिकेत निक होलोन्याक यांनी बनवली. झगझगीत निळी यायला १९९३ उजाडलं. गॅलियम नायट्राइड हवं हे माहीत होतं, पण त्याचा निर्दोष स्फटिक वाढेना. नीलमण्याच्या चकतीवर वाढवावं तर दोघांच्या अणूंची मांडणी जुळत नाही, तडे पडतात. जपानमध्ये नागोया विद्यापीठात इसामू अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो यांनी १९८६ मध्ये आधी ॲल्युमिनियम नायट्राइडचा पातळ थर दिला आणि त्यावर चांगला स्फटिक वाढवून दाखवला. दुसरी अडचण त्याहून चिवट होती. रिकाम्या जागा तयार करायला मॅग्नेशियम घालत होते, पण ते काही केल्या कामाला लागत नव्हतं. १९८९ मध्ये याच दोघांच्या लक्षात आलं की इलेक्ट्रॉनांचा झोत मारला की ते जागं होतं. असं का होतं ते शुजी नाकामुरा यांनी शोधलं: स्फटिक वाढवताना शिरलेला हायड्रोजन मॅग्नेशियमला धरून बसत होता. नुसतं तापवलं तरी तो निघून जातो. या तिघांना २०१४ चं नोबेल मिळालं. एवढा चिवटपणा मला आजही थक्क करतो. त्या काळात बहुतेकांनी गॅलियम नायट्राइड सोडून देऊन दुसरे पदार्थ धरले होते.

आता तुमचा ठिपका. पांढरा उजेड देणारा एकच बँड गॅप असू शकत नाही, कारण पांढरा हा एक रंगच नाही. तुमच्या बल्बमधली प्रत्येक चिप, म्हणजे तो लहानसा स्फटिक, खरं तर निळा उजेड देते. तिच्यावर सिलिकोनच्या (वरचं सिलिकॉन नव्हे) पारदर्शक जेलीत कालवलेली पिवळी पावडर ओतलेली असते: यट्रियम ॲल्युमिनियम गार्नेट, ज्यात शंभर यट्रियममागे एखाददुसऱ्याच्या जागी सिरियमचा अणू बसवलेला असतो. चिपचा काही निळा उजेड पावडरीतून तसाच बाहेर येतो. काही निळा उजेड सिरियम गिळतं, आणि त्याच्या बदल्यात साधारण ५५० नॅनोमीटरच्या आसपासचा, हिरव्यापासून लालसरापर्यंत पसरलेला पिवळा उजेड देतं. निळा अधिक पिवळा, डोळ्याला पांढरा. गिळलेला निळा पावणेतीनचा आणि दिलेला पिवळा सव्वादोनचा, म्हणजे प्रत्येक फोटॉनमागे अर्धा इलेक्ट्रॉन व्होल्ट तिथेच उष्णता होतो.

ही पावडर बनताना बघणं फार सुंदर असतं. आम्ही नायट्रेट आणि युरिया वापरून जाळून बनवायचो. ही ज्वलनाची पद्धत बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. सी. पाटील यांच्या गटाने १९८८ च्या सुमारास पुढे आणली. हो, शेतात टाकतात तोच युरिया, फक्त शुद्ध. माझ्या पावडरीत सिरियमऐवजी युरोपियम होतं. यट्रियम आणि युरोपियमची नायट्रेटं युरियाबरोबर चिनीमातीच्या बशीत कालवायची आणि ५०० अंशांच्या मफल भट्टीत ठेवायची. दोन-चार मिनिटं नुसतं खदखदतं, मग एकाएकी फेस वर येतो, त्यात ज्योत धावते आणि क्षणात विझते. बशीत उरतो पांढराशुभ्र, बोट लावलं की चुरा होणारा फुगवटा, अगदी साखरेच्या बत्ताशासारखा. तो अल्ट्राव्हायलेट दिव्याखाली धरला की शेंदरी लाल पेटतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खोलीतला दिवा तीनदा लावून-विझवून खात्री केली.

मग मला वाटलं, युरोपियम वाढवलं तर उजेडही वाढेल. शंभरात पाचच्या जागी वीस घातलं. पावडर मंद झाली. युरोपियमचे अणू इतके जवळ आले की ऊर्जा उजेडात न टाकता एकमेकांच्या हातात देत राहिले, आणि फिरत फिरत ती एखाद्या दोषाशी पोचून उष्णतेत गेली. दोन महागड्या बॅचेस गेल्या त्यात, पण विरजण बेताचंच घालावं, हे फॉस्फरलाही लागू आहे एवढं कायमचं कळलं.

वॉर्म (पिवळसर) आणि कूल (निळसर) व्हाइटमधला फरकही याच पावडरीचा. कूल व्हाइटमध्ये निळा जास्त सुटतो आणि लाल कमी पडतो, म्हणून साडीच्या दुकानातला मरून रंग बाहेर उन्हात वेगळाच दिसतो. लाल भरून काढायला टीव्हीच्या बॅकलाइटमध्ये आता एक फ्लोराइड फॉस्फर वापरतात, आणि त्यात लाल देणारा अणू मँगनीजचा असतो. रामटेकच्या वाटेवर मनसरला मँगनीजची खाण आहे. तिथलं खनिज पोलादाच्या कामी जातं, पण मूलद्रव्य तेच. मुलांना हे सांगितलं की ती खाणीकडे नव्याने बघतात.

बल्ब लवकर गेला असं तुमच्या प्रश्नात होतं. पिवळ्या ठिपक्यांपैकी एखाद्यावर काळा टिपका असेल तर ती चिप जळाली. बहुतेक बल्बांत चिपा एकामागे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे एक गेली की सगळे अंधारात. जुनी तार आपली उष्णता बाहेर फेकायची, एलईडीची उष्णता मात्र मागच्या बाजूने, पट्टीतून आणि बुडातूनच निघते. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना छताजवळच्या बंद काचेच्या शेडमध्ये बल्ब लावला, तर चिपा भाजतात आणि सर्किटमधला कपॅसिटर सुकतो. शेड उघडी ठेवा, पुढचा बल्ब जास्त टिकेल.

हा सगळा खेळ उलटाही चालतो. लाल एलईडी मल्टिमीटरला जोडून दुपारच्या उन्हात धरा, व्होल्ट दिसतील, दीडच्या आसपास. उन्हाचा फोटॉन इलेक्ट्रॉनला वरच्या मजल्यावर ढकलतो. सोलर पॅनल हेच मोठ्या प्रमाणावर करतं. टीव्हीच्या रिमोटमधली एलईडी ९४० नॅनोमीटरच्या आसपासचा उजेड देते. तो डोळ्याला दिसत नाही, पण मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बहुतेक वेळा जांभळट लुकलुकताना दिसतो. घरी आलेल्या फायबरमधला लेझरचा उजेडही असाच अदृश्य असतो, म्हणून सुटलेल्या फायबरच्या टोकात डोकावू नका.

आणि तुमचा बंद बल्ब फेकू नका. होल्डरमधून काढून झालेलाच आहे, तर अंधाऱ्या खोलीत त्या पिवळ्या ठिपक्याजवळ एक पेटलेली निळी एलईडी आडवी धरा आणि केशरी जिलेटीन कागदातून बघा. कागद निळा उजेड अडवेल आणि करंट नसलेला तो ठिपका स्वतःच पिवळा उजळलेला दिसेल. मग कागद बाजूला ठेवून निळीच्या जागी लाल एलईडी धरा. कितीही जवळ नेली तरी त्यातून पिवळा उजेड निघणार नाही, कारण दोनचा फोटॉन घेऊन सव्वादोनचा देणं सिरियमला जमत नाही.