‘जुना करार’ म्हणजे मुदत संपलेला करार नव्हे

विचारणा अशी आहे: ‘मराठी बायबलात “जुना करार” आणि “नवा करार” असे दोन भाग आहेत. नवा करार झाला की जुना आपोआप रद्द होतो. मग यहुदी लोकांना दिलेली वचनेही रद्द झाली, असे समजायचे का? आणि इथे “करार”पेक्षा “वचन” हा शब्द जास्त बरोबर नाही का?’

घोळ दुसऱ्याच वाक्यात आहे. ११ महिन्यांचा भाडेकरार डोळ्यांसमोर ठेवून लोक बायबल उघडतात आणि मग चार हजार वर्षांच्या श्रद्धेला नूतनीकरणाची तारीख विचारतात. प्रवचनांतही हे ऐकू येते: ‘जुन्याची मुदत संपली.’ मुदत कुठे लिहिली आहे, ते मात्र कोणी दाखवत नाही.

व्यवहारातला करार सगळ्यांना माहीत आहे, तो सोडू. शब्द अरबी ‘क़-र-र’ या धातूचा. मूळ अर्थ एका जागी टिकणे, स्थिरावणे. म्हणून तर आपण ‘करारी माणूस’ म्हणतो. त्याच्या हातात कुठे स्टँपपेपर असतो? ‘मुक्रर’, ‘इकरार’ आणि जिवाला थारा नसलेला ‘बेकरार’ ही त्याच घरातली भावंडे. ‘तक्रार’ मात्र या घरची नव्हे. तिचा धातू ‘क-र-र’, अर्थ पुन्हा पुन्हा करणे. अरबीत दोन वेगळी अक्षरे, आपण दोन्ही ‘क’नेच लिहितो, म्हणून करार मोडल्यावर तक्रार येते ही कोटी छान वाटली तरी व्युत्पत्ती नव्हे. सांगायचे ते एवढेच की ‘करार’ शब्दात दोन पक्ष नाहीत, कागद नाही, मुदत तर मुळीच नाही. आहे तो टिकाऊपणा. बायबलासाठी तो निवडणाऱ्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही.

आता खरी गंमत. हिब्रूत यासाठी शब्द आहे ‘बेरीत’, आणि बेरीत ‘करत’ नाहीत, ‘कापतात’. क्रियापद ‘कारात’, म्हणजे कापणे. आपल्याकडे काडी मोडली की नाते संपते, सौदा तुटला की व्यवहार बुडतो. तिथे कापल्यावर नाते जुळते! (करार मोडण्यासाठी हिब्रूत क्रियापदच वेगळे आहे.) ग्रीकांमध्येही शपथा ‘कापत’, रोमन लोक तह ‘हाणत’. जनावर कापून शपथ घेण्याच्या विधीची ही खूण.

तो विधी बायबलातल्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात जवळून दिसतो. तीन वर्षांची कालवड, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा मेंढा, एक होला आणि एक पारव्याचे पिल्लू. जनावरे मधोमध चिरून अर्धी समोरासमोर मांडलेली, पाखरे मात्र न चिरता. गिधाडे झेपावतात, अब्राम (पुढे ज्याचे नाव अब्राहाम झाले तो यहुद्यांचा मूळपुरुष) त्यांना हाकलतो. रिवाज असा की तुकड्यांमधून चालत जायचे: शब्द मोडला तर माझी गत या जनावरासारखी होवो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात ३४व्या अध्यायात वासराच्या दोन भागांमधून जाऊन मग शब्द फिरवणाऱ्यांना हेच ऐकवले आहे. पण इथे अब्राम चालतच नाही, त्याला गाढ झोप लागली आहे. तुकड्यांमधून जातात ती धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाची खूण. भट्टीसाठी हिब्रू शब्द ‘तन्नूर’, आपल्या तंदूरचा सख्खा नातेवाईक. म्हणजे शपथ एकाच बाजूने घेतली गेली, दुसरा पक्ष झोपलेला. आणि लगेच अब्रामाच्या वंशाला द्यायच्या देशाची चतु:सीमा येते: मिसरच्या (इजिप्तच्या) नदीपासून फरात (युफ्रेटिस) नदीपर्यंत. आपल्या जुन्या कागदांच्या भाषेत, अहद मिसरची नदी तहद फरात.

सीनाय डोंगरापाशी इस्राएल लोकांशी झालेला करार वेगळा. तिथे लोक तोंडाने ‘करू’ म्हणतात (निर्गम २४), अटी आहेत, मोडल्यास शिक्षा आहे. हे दोन करार एकाच पिशवीत कोंबले की ‘रद्द झाला’ म्हणणे सोपे जाते.

‘बेरीत’ शब्द आला कुठून यावर पंडितांत भांडण आहे. अक्कादी भाषेतल्या ‘बेडी’ या अर्थाच्या ‘बिरीतू’शी तो जोडणारे बरेच. ‘जेवणे’ या अर्थाच्या हिब्रू धातूशी जोडणारेही आहेत. करारानंतर जेवणावळ होते म्हणून शब्द जेवणातून आला, हा तर्क पंगतीतच सुचलेला दिसतो. बांधणारी बेडी आणि स्थिरावणारा करार, यांचे मात्र छान जमते.

खरा घात भाषांतरात झाला. अलेक्झांड्रियातल्या यहुदी भाषांतरकारांनी ‘बेरीत’साठी ग्रीकमध्ये ‘सिंथेके’, म्हणजे दोघांचा समझोता, टाळून ‘दियाथेके’ घेतला. हेतू चांगला होता, देणारा एकच असतो हे दाखवायचे होते. पण ‘दियाथेके’चा रोजचा अर्थ मृत्युपत्र. त्याचे लॅटिन झाले ‘टेस्टामेंटम’, आणि मृत्युपत्राचा नियम सगळ्यांना पाठ: नवे केले की जुने बाद. इब्री लोकांस पत्राच्या ९व्या अध्यायातला युक्तिवाद याच श्लेषावर उभा आहे. जेरोमने हिब्रूवरून लॅटिन करताना बहुतेक जागी तह-कराराचे शब्द वापरले, तरी मुखपृष्ठावर मृत्युपत्रच राहिले. मराठीने ‘करार’ घेऊन ही चूक टाळली, आणि आपण भाडेकरार आणून ती पुन्हा आत घेतली.

‘नवा’ शब्दाचेही तेच. यिर्मया ३१:३१ मधला ‘हादाश’. याच धातूपासून हिब्रूत ‘महिना’ हा शब्द आहे, कारण चंद्रकोर नव्याने दिसते. चंद्र तोच असतो. हा करार पूर्वजांच्या करारासारखा नाही, असे पुढच्याच ओवीत आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. फरक कसला तेही तिथेच सांगितले आहे: नियम आता हृदयावर लिहिला जाईल. पक्ष मात्र बदललेला नाही, इस्राएलाचे घराणे आणि यहुदाचे घराणे. आणि ३५ ते ३७ या ओव्यांत सूर्य, चंद्र, तारे यांचे नेम ढळले तरच इस्राएलाचा वंश राष्ट्र म्हणून संपेल, असे बजावले आहे. ‘जुना झाला, तो लयास जाण्याच्या बेतात आहे’ म्हणणारे इब्री ८:१३ दाखवतात. दाखवोत, पण रोमकरांस पत्र ११:२९ झाकून ठेवू नये. देवाची दाने आणि पाचारण मागे घेतली जात नाहीत, असे तिथे आहे. १९६५ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने यहुद्यांविषयीची भूमिका मांडताना याच अध्यायाचा आधार घेतला.

‘वचन’ बदली घालू नये. वचन नुसते तोंडी असते, बेरीतला खूण लागते: नोहाला इंद्रधनुष्य, अब्राहामाला सुंता. म्हणूनच आठव्या दिवसाच्या सुंतेच्या विधीचे नाव ‘बेरीत मिला’ किंवा ‘ब्रीत मिला’, कोकणातल्या बेने इस्राएल यहुद्यांनाही ओळखीचे. आणि लिहिताना कृपा करून मागे ‘करार’ जोडू नका. ‘ब्रीत मिला करार’ हे ‘लेडीज बायकांचा डबा’ म्हणण्यासारखे आहे. त्यातला ‘मिला’ म्हणजे सुंता, हिंदीतला ‘मिला’ नव्हे, हे वेगळे सांगावे लागते ते मथळे वाचून.