दळणाच्या डब्याएवढं अंतर

पोरी,

अनेक आशीर्वाद. कोल्हापूरला बदलीची ऑर्डर हातात पडल्याचा तुझा फोन आला आणि त्याच रात्री पाच फ्लॅटचे फोटोही आले. पाचही चकचकीत आहेत. लिफ्ट आहे, पार्किंग आहे, बाल्कनीतून हिरवं शिवार दिसतंय. भाडं तर डोंबिवलीच्या मानानं तुला फुकट वाटत असणार. पण एकाही फोटोत रस्ता नाही. म्हणून हे पत्र.

लहान शहर म्हणजे सगळं हाकेच्या अंतरावर, असं मुंबईकडच्या माणसाला वाटतं. तसं नाही. डोंबिवलीत तू रोज स्टेशनपर्यंत चालतेस आणि येताना भाजी, औषधं, इस्त्रीचे कपडे एका फेरीत उरकतेस, कारण गाडी लावायला जागाच नसते. इथं गल्लीच्या टोकावरून पाव आणायलाही गाडी काढतात. घरटी दोन गाड्या आहेत हे धरूनच शहराचा नवा भाग वाढला. त्यामुळे एजंट ‘सीबीएसपासून’, म्हणजे मध्यवर्ती बस स्थानकापासून, ‘दहा मिनिटं’ म्हणतो ती गाडीवरची मिनिटं. पायाची मिनिटं त्यानं कधी मोजलेली नसतात.

तुला गाडी येते, तुझं भागेल. आईंचं काय? त्यांचे गुडघे, त्यांचा बिनओळखीचा गाव, आणि तू सकाळी साडेनऊला गेलीस की रात्री आठपर्यंतचा त्यांचा दिवस. घर त्यांच्या पायांनी बघ.

हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, चुकून शिकलोय. कोल्हापूरच्या पहिल्या पोस्टिंगला मी असंच गावाबाहेर घर घेतलं होतं. तीन खोल्या, मोठी गच्ची, भाडं कमी. वर्षभर काकू रोज सात वाजता ब्रँचमध्ये फोन करायची, “येताना कोथिंबीर आणा.” गिरण दीड किलोमीटरवर. रविवारी स्कूटरवर पायाशी डबा ठेवून दळण आणणं हे माझं काम. एका जुलैत खड्ड्यात चाक आपटलं, डबा आडवा झाला, झाकण उडालं आणि पाच किलो गव्हाचं पीठ भर पावसात रस्त्यावर. बघता बघता त्याची खळ झाली. मी रिकामा डबा घेऊन घरी आलो. काकू रागावली नाही. एवढंच म्हणाली, “गिरण जवळ असती तर मीच गेले असते. कुणाशी दोन शब्द बोलणं तरी झालं असतं.” वर्षभरात तिला तिथल्या एका दुकानदाराचं नाव सांगता येत नव्हतं.

त्यानंतर दोन महिन्यांत आम्ही शहरातल्या राजारामपुरीत आलो. एक खोली कमी, भाडं जास्त.

तेव्हापासून घर बघायला गेलो की मी आधी गिरण शोधतो. पाच किलोचा डबा, फार तर एकदा हात बदलून, जिथं नेता येतो ती वस्ती चालण्यासारखी. गिरणीला पायी येणारं गिऱ्हाईक लागतं. जिथं ते आहे तिथं किराणा, दूध, मेडिकल, चपला शिवणारा हे सगळे आपोआप आजूबाजूला बसलेले असतात. फुटपाथच्या नादी फार लागू नकोस. जिथं आहे तिथं त्यावर दुकानाचा माल मांडलेला असतो.

तुझ्या यादीतले चार फ्लॅट पाचगाव, कळंबा, उचगाव बाजूचे आहेत. महापालिका 1972 साली झाली, पण हद्दवाढीचं घोंगडं तेव्हापासून भिजत पडलं आणि शहर मात्र या गावांमध्ये पसरत गेलं. अपार्टमेंट शहरी, कारभार ग्रामपंचायतीचा. तिथं घर घेऊच नये असं नाही, माझे दोन मित्र मजेत राहतात. पण दोघांच्याही घरात प्रत्येक माणसाला स्वतःची गाडी आहे.

ताराबाई पार्क, नागाळा पार्क तुला बघताक्षणी आवडेल. झाडं, रुंद रस्ते, शांतता. सकाळच्या फिरण्याला उत्तम. पण फिरणं वेगळं आणि कामाला चालत जाणं वेगळं. बंगल्यांच्या रांगा ओलांडल्याशिवाय पावशेर मिरची मिळणार नसेल, तर ती शांतता आईंच्या काय कामाची?

शिवाजी पेठ, मंगळवार पेठ म्हणजे उलटं टोक. दारातून पाय काढला की सगळं. मिरजकर तिकटीला म्हशीचं समोर काढलेलं दूध पेल्यात मिळतं. कुणी आठ दिवस दिसलं नाही तर चौकशीला माणूस येतो, आणि तुझ्या घरी कोण आलं याचीही चौकशी होते, हेही धरून चाल. गणपतीत खिडक्या थरथरतील. अंबाबाईच्या देवळाच्या जवळ घर घेतलंस तर सुट्टीच्या दिवशी बाहेरगावच्या गाड्यांमधून वाट काढावी लागेल.

मला विचारशील तर राजारामपुरी. सरळ आखलेल्या, नंबरांच्या गल्ल्या, मेन रोडवर बाजार, आत बऱ्यापैकी सावली. लक्ष्मीपुरीतल्या तुझ्या ब्रँचला अर्ध्या तासात चालत जाशील. मात्र संध्याकाळी मेन रोड ओलांडणं हे आईंसाठी दिव्य आहे, तेव्हा गिरण आणि भाजी ज्या बाजूला, घरही त्याच बाजूला बघ.

शाहूपुरीही सोयीची, स्टेशन आणि एसटी दोन्ही पायाखाली. पण तिथं गल्ली बघून. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्याजवळ मोजतात, 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. 2019 आणि 2021 मध्ये पाणी पन्नाशीच्याही वर गेलं आणि शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत शिरलं. ‘पाणी येतं का?’ असं एजंटला विचारू नकोस. जवळच्या मेडिकलवाल्याला विचार, ‘एकोणीसला पाणी कुठवर होतं?’ तो भिंतीवर हात लावून दाखवेल. 2019 च्या त्या आठवड्यात आमच्या घरात थेंब आला नाही, तरी महामार्ग बंद, पेट्रोल मिळेना, उपसा केंद्रं पाण्यात गेल्यानं नळ कोरडे. स्कूटर जिन्याखाली उभी होती. दूध, भाजी, टँकरचं पाणी, सगळं आम्ही चालत आणलं.

बँक तुझ्यासाठी घर भाड्यानं घेते त्या लीजचे कागद एकदा झाले की घर बदलताना जीव जातो, म्हणून फोटोंवर टोकन देऊ नकोस. शुक्रवारी रात्री कल्याणला महालक्ष्मी एक्सप्रेस पकड, आईंना घेऊनच. सकाळी मी टर्मिनसवर असेन. आंघोळ, नाश्ता आमच्याकडे. मग तीन घरं दाखवतो, दहाच्या उन्हात एकदा आणि रात्री आठला पुन्हा. दिवे कुठं बंद आहेत आणि कुत्री कुठं बसतात ते रात्रीच कळतं. आईंना जिथं थांबावंसं वाटेल तिथं बसायला एखादा कट्टा आहे का, तेही बघू.

काकूनं ज्वारीचा डबा भरून ठेवलाय. तो बरोबर घेऊनच हिंडायचं आहे, आधीच सांगतो. अर्धं अंतर तू धरायचास.

तुझा,
सर